हरवाडीचा पाणघोडा आणि पाच फूट सरकलेला सातबारा

10 जुलै 2024 च्या सकाळी 7 वाजून 14 मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. तीव्रता 4.5. नांदेड, परभणी, हिंगोलीत भांडी वाजली. लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात भांडी वाजली की नाही यावर अजून एकमत नाही, फोन मात्र वाजले यावर कुणाचं दुमत नाही. भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते आणि दुसरी तिच्या मागून रेंगाळत येते, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. मराठवाड्यात तिसरीही एक लाट असते, ती सोयऱ्याधायऱ्यांची. "तुमच्याकडं हाललं का?" एवढाच तिचा मजकूर असतो आणि तिला अडवणारा खडक अजून निघालेला नाही.

हाच प्रश्न अमेरिकेचा भूगर्भ सर्वेक्षण विभागही विचारतो. त्यांच्या संकेतस्थळावर 'डिड यू फील इट?' नावाचा फॉर्म 2004 पासून जगभर कुणालाही भरता येतो. प्रश्न मोठे बारकाईचे असतात. हादरा बसला तेव्हा तुम्ही घरात होता की बाहेर? झोपेत होता का? झोप मोडली का? उभं राहायला त्रास झाला का? फळीवरच्या वस्तू नुसत्या खडखडल्या की खाली पडल्या? हजारो लोकांची अशी उत्तरं जमली की कुठल्या गावाला किती झटका बसला याचा रंगीत नकाशा तयार होतो. रेणापुरात हीच माहिती त्याहून जलद आणि त्याहून सविस्तर जमा होते. कुणाच्या घरचं दूध सांडलं, कुणाची म्हैस आधीच उठून उभी राहिली होती, कुणाला काहीच जाणवलं नाही आणि त्याबद्दल त्याला किती वाईट वाटलं, सगळं. फक्त ती स्टेटसवर टाकली जाते. चोवीस तासांनी स्टेटस पुसलं जातं आणि विज्ञान कोरडं ते कोरडंच राहतं.

आपल्याकडेही सोय नाही असं नाही. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' नावाचं ॲप आहे. देशात कुठेही जमीन हलली की वेळ, जागा, तीव्रता आणि खोली असा चौकोनी हिशोब ते देतं. लातूरकडच्या माणसाने ते एकदा मोबाइलमध्ये घेतलं की त्याला अंदमानपासून काश्मीरपर्यंतचे धक्के रोज कळू लागतात. आठवडाभरात तो पारावरचा तज्ज्ञ होतो, दुसऱ्या आठवड्यात लोक त्याच्या बाजूला बसायचं टाळतात.

भूगर्भशास्त्राशी या भागाची ओळख मात्र फोनवर झालेली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. त्या रात्रीबद्दल विनोद करता येत नाही, करूही नये. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद अशा घरांनी हजारो माणसं गाडली. वर्षभर आधीपासून किल्लारीत छोटे धक्के जाणवत होते. पण दख्खनचं पठार म्हणजे देशातला सर्वांत स्थिर भूभाग, अशी शास्त्राचीही समजूत होती. देशाच्या भूकंपप्रवण नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात रंगवलेला होता. 2002 च्या सुधारित नकाशात लातूरचा हा पट्टा तिसऱ्या विभागात गेला आणि पहिला विभाग सबंध देशातून रद्द झाला. 'आमच्याकडे काही होत नाही' असं म्हणायला शासनमान्य जागाच उरली नाही.

योगायोग असा की त्याच 1993 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 'ज्युरासिक पार्क' प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी तो हिंदी बोलत भारतात आला. म्हणजे जमिनीखालच्या जुन्या भेगा आणि जमिनीवरचे जुने प्राणी या दोन्ही गोष्टी मराठवाड्याच्या बोलण्यात जवळपास एकाच हंगामात शिरल्या. पुढे दोघांचं नशीब वेगळं निघालं. डायनासोरला दप्तर, टिफिन आणि टी-शर्ट मिळाले. भूकंपाला समित्या मिळाल्या.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत एक बोअर घेतलं, 617 मीटर खोल. फुटांच्या हिशोबात दोन हजारांच्या वर. पाचशे फुटांवर पाणी लागलं नाही तर माणूस पाणाड्याच्या नावाने बोटं मोडतो अशा मुलखात कुणी दोन हजार फूट जावं आणि पाण्याची चौकशीही करू नये, हे पचायला जडच. शास्त्रज्ञांना जे लागलं ते असं: वरचे 338 मीटर, म्हणजे अकराशे फुटांहून जास्त, लाव्हाचा काळा दगड, त्याखाली जेमतेम आठ मीटर जुना गाळ, आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. ज्या लाव्हाला जगभरचे अभ्यासक 'डेक्कन ट्रॅप' म्हणून हात जोडतात, तो आपल्याकडचे बोअर मशीनवाले रोज भोकं पाडून ओळखतात. मुरूम संपला, मांजऱ्या लागला, गेरू आला, आता काळा पाषाण आहे, दर वाढवा. लाव्हाचे थर कसे एकावर एक साचले आणि मधल्या काळात वरचा थर उन्हापावसात कुजून कसा लाल झाला, याचं इतकं नेमकं वर्णन इंग्रजी संकेतस्थळावर वाचायचं तर अर्धा तास जातो. दर वाढवायची सूचना तेवढी तिथे नसते.

आता मुद्द्याचं. रेणापूरच्या पिंपळ फाट्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही दहावीच्या पोराच्या खिशात आज पृथ्वीचा सगळा इतिहास आहे, आणि तोही फुकट. इयन वेबस्टर नावाच्या अमेरिकी संगणक अभियंत्याने 'एन्शंट अर्थ' नावाचा एक फिरता गोल इंटरनेटवर ठेवला आहे. क्रिस्टोफर स्कोटीज या भूशास्त्रज्ञाने काढलेले जुन्या पृथ्वीचे नकाशे त्याच्या मुळाशी आहेत. तुमच्या शहराचं नाव टाकायचं आणि वर्ष निवडायचं, पार पंचाहत्तर कोटी वर्षं मागे जाता येतं. सर्वांत लहान वर्षाचा आकडासुद्धा कोटीतला आणि एकही रुपया लागत नाही, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला यात काहीतरी फसवणूक असावी अशी शंका येते. लातूर टाकलं आणि साडेसहा कोटी वर्षांवर काटा नेला की भारत विषुववृत्ताच्या खाली, हिंदी महासागरात एकटाच तरंगताना दिसतो. नातवाच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावणाऱ्या आजोबांचा संवाद अशा वेळी ठरलेला असतो.

"काय बघलालास रे?"

"लातूर, आबा. साडेसहा कोटी वर्षांमागचं."

"चौफेर पानीच हाय की! मग येवढं पानी गेलं कुठं?"

हा प्रश्न लातूरच्या माणसानेच विचारावा. एप्रिल 2016 मध्ये त्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. 'जलदूत' गाडीची पहिली खेप दहा वाघिणींची होती आणि तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं.

भारत तेव्हा थांबलेला नव्हता. मादागास्करपासून सुटून तो उत्तरेकडे निघाला होता आणि त्या काळात त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या वर गेला होता. भूपट्टांच्या दुनियेत हा वेग दंड भरावा लागेल इतका आहे. पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला जाऊन भिडला. मधला समुद्र आटला, त्याच्या तळाचा गाळ हिमालयाच्या डोक्यावर जाऊन बसला आणि भारताची चाल मंदावली. पण थांबली नाही. आजही हा भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यासाठी वेगळा व्हिडिओ लागत नाही. दर पेरणीला नांगर अर्धी वीत पलीकडे घालायचा आणि वर 'मी काय केलं' म्हणायचं, याला आपल्याकडे बांध कोरणं म्हणतात. भारत पाच कोटी वर्षं आशियाचा बांध कोरतो आहे. उकरलेल्या ढिगाऱ्याला जग एव्हरेस्ट म्हणतं आणि लोक पैसे भरून त्यावर चढतात.

त्या कोरण्याचा ताण उलट दिशेने पठाराच्या पोटापर्यंत येतो आणि जिथे खडकात जुनी कच्ची जागा असेल तिथे केव्हातरी मोकळा होतो, असं किल्लारीसारख्या भूकंपांचं स्पष्टीकरण दिलं जातं. हिशोब साधा आहे. 1993 पासून आजवर रेणापूर तालुका जागच्या जागी दीड मीटर, म्हणजे पाच फूट सरकलेला आहे. हे ऐकून पहिल्यांदा काहींचे डोळे चमकतात. पाच फूट म्हणजे थोडंथोडकं नव्हे. तेवढ्यावरून तहसील ते उच्च न्यायालय असा प्रवास झालेली घराणी आहेत. पण शेजाऱ्याचं रानही नेमकं तेवढंच, त्याच दिशेने सरकलेलं असतं. सातबाऱ्यात याची नोंद नाही, मोजणीवाल्यांना त्याची कल्पना द्यायची गरज नाही. भूपट्ट विवर्तनीचा मराठवाड्यात म्हणावा तसा प्रसार झाला नाही, याचं हे एक कारण असू शकतं: तिच्यातून कुणालाच फायदा होत नाही.

उत्क्रांतीचं दुकान त्या मानाने चांगलं चालतं, कारण ती परीक्षेला आहे. एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा 2023 मध्ये देशभरातल्या 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून नाराजी कळवली. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, आणि पुस्तक संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. शिवाय लातूर म्हणजे 'लातूर पॅटर्न'चं माहेर. दहावीनंतर रेणापूरचं पोर लातूरला खोली करून राहतं आणि 'नीट'साठी बारावीचं उत्क्रांतीचं प्रकरण शब्दन्‌शब्द पाठ करतं. त्याला इंग्लंडमधले काळे-पांढरे पतंग माहीत असतात. गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांच्या चोची माहीत असतात. ऑस्ट्रेलियातले पिशवीवाले प्राणी, 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेत जिवंत सापडलेला सीलाकँथ मासा, 1953 मधलं मिलरचं चंचुपात्र, सगळं पर्यायांसकट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या जीवाश्म संग्रहालयाचं 'अंडरस्टँडिंग इव्होल्यूशन' हे संकेतस्थळ 2004 पासून हा विषय फार सुरेख समजावून सांगतं, गैरसमजांची उत्तरं देतं. पण त्याला बहुपर्यायी प्रश्नसंच नसल्याची खंत लातूरच्या वर्गांमध्ये व्यक्त होऊ शकते.

पक्षी हे डायनासोरचेच वंशज, हेही त्याला पाठ असतं. रविवारी दुपारी तो घरी येतो तेव्हा ताटात त्याच वंशाचा रस्सा असतो. घरात उत्क्रांती मान्य नसलेली एखादी व्यक्ती असली तरी तिची रश्श्याला हरकत नसते.

एवढं सगळं माहीत असलेल्या या पोराला हरवाडी विचारावी. तो म्हणेल, गाव आहे, आपल्याच तालुक्यात, मांजरेच्या काठाला, आत्याची जाऊ तिकडचीच. बरोबर. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी लातूर जिल्ह्यातल्या मांजरेच्या खोऱ्यात, हरवाडी आणि गांजूरसारख्या गावांच्या काठांवर, नदीने कापलेल्या गाळा-वाळूच्या थरांमधून जीवाश्म गोळा केले आहेत. हत्तीचे. रानटी गुरांचे. आणि पाणघोड्याचे.

पाणघोडा! लातूरला!

आजच्या आफ्रिकी पाणघोड्याला खालच्या जबड्यात पुढचे चार दात असतात. भारतातल्या या नामशेष भावाला सहा असायचे, म्हणून शास्त्रज्ञ त्याला 'हेक्साप्रोटोडॉन' म्हणतात. हत्तीही आजचा नव्हे. 'पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस' हा नर्मदेवरून नाव पडलेला हत्ती एकेकाळी नर्मदा-गोदावरीच्या खोऱ्यांत फिरायचा आणि तो आजच्या हत्तीपेक्षा बराच थोराड होता. हे प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नाहीत, हिमयुगाच्या उत्तरकाळातले आहेत. या काठांवर तेव्हा दगडी हत्यारं घेतलेली माणसंही होती. पाणघोडा दिवसभर पाण्यात डुंबतो, बाहेर फार वेळ राहिला तर उन्हाने त्याच्या कातडीला भेगा पडतात. म्हणजे मांजरेला तेव्हा बारमाही, डुंबण्याइतकं पाणी असणार. नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव असलेल्या जिल्ह्यात ही माहिती जपून सांगावी लागते. लोक पाणघोड्याचं कौतुक करण्याऐवजी त्याच्या काळी पाणीपुरवठा सभापती कोण होता, ते विचारतात.

आता फोन काढावा आणि मराठीत 'पाणघोडा' शोधावा. आफ्रिकेतल्या नद्या येतात, प्राणिसंग्रहालयं येतात, कलिंगड एका घासात फोडणारा पाणघोडा येतो, लहान मुलांचं गाणं येतं. 'डायनासोर' शोधला तर टी-रेक्सची दहा-वीस चित्रं आणि 'डायनासोर आज भी जिंदा है' छापाचे व्हिडिओ येतात. टी-रेक्सचा पहिला सांगाडा 1902 मध्ये अमेरिकेच्या मोंटाना प्रांतात सापडला. रेणापूरहून मोंटाना तेरा हजार किलोमीटरांच्या आसपास आहे, पण तिथला प्राणी पापणी लवायच्या आत हजर होतो. हरवाडीचा पाणघोडा येतच नाही. इंटरनेटवर वस्तू जितकी आपल्या घराजवळची तितकी ती पानांच्या उतरंडीत खाली, असा काहीतरी नियम असावा. शेजारच्या माणसाला आपली किंमत नसते हे मराठवाड्याला ठाऊक होतं. यंत्रालाही नसते, हे नवीन आहे.

चिकाटी असेल तर 'पॅलिओबायोलॉजी डेटाबेस' आहे. जगभरच्या जीवाश्मांच्या लाखो नोंदी त्यात आहेत. नकाशावर ठिपके दिसतात, ठिपक्याला बोट लावलं की थराचं वय आणि प्राण्यांची यादी उघडते. युरोप-अमेरिकेवर ठिपक्यांची इतकी दाटी असते की खालची जमीन दिसत नाही. मराठवाड्यावर मात्र रान मोकळं दिसतं. यावरून इथे काही जगलंच नाही असा समज होतो. खरी गोष्ट अशी की इथे शोधलं कमी आणि छापलं त्याहून कमी. डायनासोरच्या बाबतीत तर अडचण साधी आहे. टी-रेक्स तिकडे शिकार करत होता त्याच सुमाराला इकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हा ओतला जात होता. ज्या काळ्या मातीत आज सोयाबीन उभं राहतं, तिचा मूळ दगड तेव्हाचा. लाव्हाखाली काय दडलंय ते बघायचं तर अकराशे फूट खाली जावं लागेल, आणि तेवढं खोल गेलेल्या माणसाला आधी पाणी हवं असतं.

लाव्हा जिथे पातळ होतो किंवा संपतो त्या कडेला मात्र मौज आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडचं पिसदुरा हे गाव जगाच्या विज्ञानात एका अनोख्या मालासाठी प्रसिद्ध आहे: डायनासोरचं दगड झालेलं शेण. 2005 मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद यांनी अशोक साहनी आणि इतर सहकाऱ्यांसह या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. तोवर चित्रांमध्ये डायनासोरच्या पायाखाली गवत काढायचं नाही असा दंडक होता, कारण गवत पुष्कळ नंतरचं मानलं जायचं. विदर्भातल्या शेणाने जगभरच्या चित्रकारांना हिरवा रंग परत काढायला लावला. शेणात हात घालायची लाज नसलेल्या देशात हा शोध लागला, हे ठीकच झालं.

दुसरी जागा लातूरकरांच्या पायाखालून रोज जाते. लातूरहून बिदरमार्गे हैदराबादला निघालेली गाडी विकाराबादला थांबते. तिथून जवळच्या नासकल गावी लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात उंदराएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. 1988 मध्ये त्याची बातमी 'नेचर'मध्ये आली. डायनासोरांच्या अखेरच्या, क्रिटेशस काळातला भारतात सापडलेला तो पहिला सस्तन प्राणी. त्याचं नाव 'डेक्कनोलेस्टेस'. विकाराबादला गाडी थांबली की प्रवासी इडली घेतात.

याच रस्त्याने शाळांच्या सहलीही जातात. हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात 'कोटासॉरस' या डायनासोरचा सांगाडा उभा आहे, यामनपल्लीहून आणलेल्या हाडांचा. पहाटे तीनला बस, चारमिनार, प्राणिसंग्रहालय, सांगाड्याखाली गटाचा फोटो, रात्री उशिरा परत, हा कार्यक्रम पालकांना मान्य आहे. एखाद्या उत्साही विज्ञान शिक्षकाने मांजरेच्या काठावर हरवाडीला न्यायची कल्पना मांडली तर पहिली अडचण अशी येते की हाडं पुण्याला गेली आहेत. लातूरच्या हुशार पोरांप्रमाणे तीही शिकायला गेली आणि परत आली नाहीत. दुसरी अडचण वाळूच्या टिप्परांची. काठ इतका उकरला जातो की एखाद्या रानबैलाचा जबडा आतापर्यंत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये पक्का झाला असण्याची शक्यता आहे. पण खरी अडचण तिसरी, आणि ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन थांबते: हरवाडी आपल्याच तालुक्यात असल्यामुळे माणशी वर्गणी किती मागायची आणि डब्यात दशमी द्यायची की नाही, याबद्दल कुठलाच जीआर उपलब्ध नाही.